परत आलेलं कार्ड आन माझा पॉलिश पेपर

मंठ्यात मी चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारी भरल्या. जळालेली तार काढायची, नवी भरायची. शाळा चौथीपर्यंतच, पण माझ्या हातची मोटार परत येत न्हाई, असं छाती ठोकून सांगायचो. एखादी आलीच तर गिऱ्हाइकाला म्हणायचो, "तुझ्या शिवारातलं व्होल्टेज बराबर न्हाई." तो मान हलवायचा आन पुन्हा भरून न्यायचा.

डोळे अधू झाले तसं दुकान बंद करून जालन्यात मस्तगडला मुलाकडं आलो. इथं पुढच्या खोलीत सून कंप्यूटरचे जुने भाग तपासून ऑनलाइन विकते. मी टेबलापाशी बसून तिची खोकी बांधून द्यायचो. कुणी सांगितलं न्हाई, पण रिकामं बसणं मला जमत न्हाई.

एक दिवस त्यातलं एक खोकं परत आलं. आत ग्राफिक कार्ड, म्हणजे कंप्यूटरच्या पडद्यावर चित्र आणणारी पाटी, वर दोन पंखे बसवलेली. सोबत चिठ्ठी: लावलं की पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो.

"मी सोता चालवून बघितल्तं, मामा," सून म्हणाली. "दोन तास चाललं."

"मंग त्यानं बदललं. चांगलं ठेवून घेतलं आन मेलेलं धाडलं."

"कार्डावरचा नंबर तोच हाय वो. आपलंच हाय हे."

"तुला दुनिया ठाऊक न्हाई," म्हणलो आन खोक्यावरचा गिऱ्हाइकाचा फोन नंबर फिरवला.

घेणारा माणूस सरळ बोलत होता. "आजोबा, मी काही बदललेलं नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे, पाठवू का?"

"व्हिडिओ काढणारेच जास्त चोर आसतेत. आमच्या मंठ्यात तुझ्यासारख्याला दुकानाची पायरी चढू देत न्हाईत."

मंग "ठीक आहे" म्हणून त्यानं फोन ठेवला.

सुनेनं कार्ड लावून पाहिलं. पडदा काळा. वायर बदलली, खाच बदलली, तरी काळाच. त्याच जागी दुसरं कार्ड लावलं तर चित्र लगेच आलं. मंग तिनं परत आलेलं कार्ड काढून त्याची खालची कड, जी खाचेत बसती, ती भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत राहिली.

"कुणीतरी घासलंय," एवढंच म्हणाली.

मी भिंग मागून घेतलं. कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरचा मुलामा उडून तांबं दिसत होतं. दोन-तीन पट्ट्या तर जागेवरून उठल्या होत्या. आन रेघा सगळ्या तिरप्या, एकाच दिशेच्या. तो हात मी वळखला.

हे खोकं बांधलं त्या दिवशी सून पोरीला आणायला शाळेत गेल्ती. कार्ड टेबलावर होतं, सोनेरी कड मळकी दिसत होती. पंपाच्या स्टार्टरचे पॉइंट काळे पडले की मी पॉलिश पेपरनं तिरपे घासतो, करंट मोकळा होतो. हेबी पॉइंटच की, म्हणून चमकेपर्यंत घासलं. वाटलं, गिऱ्हाईक खूश होईल. सुनेला सांगायची गरज वाटली न्हाई.

मागच्या महिन्यात घरच्या बोअरचा स्टार्टर मी असाच घासला, तेव्हा टॉर्च तिनंच धरली होती. म्हणजे तिनंबी हात वळखला होता.

पॉलिश पेपर त्या घडीला माझ्या बंडीच्या खिशात होता. तरी मी म्हणलो, "त्यानंच घासलं आसंल."

हे लिहिताना आजबी मान खाली जाती.

तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आन फोन घेऊन बाहेर गेली. खिडकी उघडीच होती. "दादा, माफ करा," ती म्हणत होती. "साफ करताना माझ्याच हातून घासलं गेलं. दुसरं पाठवते. सासऱ्यांचं मनावर घेऊ नका, त्यांना ठाऊक नव्हतं."

चहा तसाच गार झाला. मला मंठ्याशेजारच्या खेड्यातला एक म्हातारा आठवला. त्याची मोटार तीनदा परत आल्ती, डोक्यावर घेऊन यायचा. तिन्ही डाव मी व्होल्टेजवर ढकललं. मोटार उघडूनसुद्धा पाह्यली न्हाई.

दोन दिवस मी सुनेशी धड बोललो न्हाई. तिसऱ्या दिवशी तिच्या समोरच त्या माणसाला फोन लावला.

"तुला चोर म्हणलेला म्हातारा बोलतोय. कार्ड मी घासलं. सुनेनं न्हाई."

"अहो आजोबा, ताई तर म्हणाल्या की त्यांच्या हातून..."

"ती माझ्यासाठी खोटं बोलली. तुझा व्हिडिओ खरा हाय."

"बरं आजोबा," तो म्हणाला. माफी मागायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही निघाला न्हाई. तसाच फोन ठेवला.

सून दुसरं कार्ड तपासत होती. मान वर केली न्हाई. तपासून झाल्यावर तिनं ते फुग्याच्या प्लास्टिकात गुंडाळलं आन माझ्यापुढं सरकवलं.

"मामा, खोकं बांधून देता का?"

मी खिशातला पॉलिश पेपर काढून तिच्या टेबलावर ठेवला आन खोकं बांधायला घेतलं.