अप्पांच्या चटणीवरचं तेल

सोलापुरात शेंगाचटणी कोरडी खात नाहीत. ताटातल्या चटणीला बोटानं आळं करायचं, त्यात करडीचं कच्चं तेल ओतायचं आणि कडक भाकरीचा तुकडा बुडवून खायचा. म्हणजे अप्पा, माझे वडील, असं खायचे. आई आणि मी चटणी पाण्यात कालवायचो.

तेल यायचं मोडनिंबहून, आईच्याच माहेरून. मामा घाण्यावरून डबा भरून आणायचा आणि अप्पा तो थेट आपल्या कॉटखाली सरकवायचे. सकाळी वाटीत काढून देतील तेवढ्याच तेलात फोडणी, त्यातच कणीक, त्यातच तवा. वर वांग्याच्या भाजीवर तवंग दिसला नाही की ताट भिरकावणार! आईनं जास्त मागितलं तर म्हणायचे, "बायकांना कशाला लागतंय तेल? तुमी काय माग चालवताय व्हय?" ते अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे, म्हणून आईच्या माहेरच्या तेलावर हक्क त्यांचा. हा न्याय मला पन्नाशी उलटली तरी कळलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात अप्पांच्या छातीत कळ आली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि आईला नीट समजावलं. तळलेलं बंद, मीठ कमी, तेल मोजून दिवसाला तीन चमचे. करडीचं चालेल, थोडं तेल शरीराला लागतंच. अप्पा तेव्हा औषधांच्या गुंगीत होते.

घरी आल्या आल्या आईनं कॉटखालचा डबा ओढून स्वयंपाकघरात नेला आणि अप्पांना सांगितलं, "डॉक्टरनी तेल बंद केलंय. थेंबभर बी न्हाय."

मी डब्यासाठी ओट्याखाली जागा करून दिली. खरं सांगायचं तर मला मजा वाटली.

अप्पांची भाजी पाण्यात शिजू लागली, धपाटं कोरड्या तव्यावर भाजलं जाऊ लागलं. आणि जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली आई आता त्यांच्या समोर ताट घेऊन बसू लागली. चटणीला आळं करायची, तेल ओतायची, ते भाकरीपर्यंत वाहू द्यायची आणि सावकाश जेवायची. अप्पा बघत राहायचे.

"चमचाभर घाल की गं."

"मरायचंय का तुमाला?" हे ती इतक्या मायेनं म्हणायची, की शेजारणी मला सांगायच्या, लई जपती बघ तुझी आई त्यांना.

एकदा त्यांनी हळूच तिच्या ताटात बोट बुडवलं. तिनं हातावर चापट मारली आणि तोंडाकडे निघालेलं ते बोट पदरानं पुसून काढलं. अप्पा रडले. ऐंशीला टेकलेला माणूस, बोटभर तेलासाठी! मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला. पण मी ठरवलं, पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या तोंडूनच त्यांना खरं ऐकवायचं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काका, फार वाळलात. तेल किती खाता?"

"अजिबात नाही," मीच सांगून टाकलं.

"अजिबात नाही? अहो, तीन चमचे सांगितले होते मी. थोडं तेल लागतंच शरीराला."

अप्पांनी सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. आता ते दवाखाना डोक्यावर घेतील म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आई पाण्याची बाटली मांडीवर घेऊन शांत बसली होती.

"मग आजपासून चालू करू या ना, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

अप्पांची नजर जमिनीवर गेली. "हिला इचारा," ते म्हणाले.

आईनं पुढे वाकून त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. "बघू की," ती म्हणाली.