शून्य मार्कांची बॅच

असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. रोज संध्याकाळी तीच माणसं त्याच खोलीत भेटत राहिली की ते वर्गाबाहेरच्या चपलांसारखे आपोआप साचतात. नंतर एखाद्या गप्पांच्या बैठकीत एक सांगायला जावं, तर चार बाहेर येतात.

माझी शाळा हिमाचलच्या डोंगरातली, कॉलेज बंगळुरातलं. नांदेड हे माझं गाव, पण सुट्टीपुरतं. लातूरच्या भूकंपानंतर मात्र मला लांब राहवेना. परत जायचं, आपल्या भागातल्या मुलांना स्पष्ट, न घाबरता इंग्रजी बोलायला शिकवायचं, असं मी ठरवून टाकलं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. मला वाटलं होतं, मुलं माझी वाटच बघत असतील.

मुलं होती. वाटही बघत होती. फक्त माझी नाही, माझा डाव कधी उघडा पडतो याची!

*

पहिला संशय काझी सरांचा. हे गणिताचे सर. सरकीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर त्यांचा क्लास चालायचा, आणि त्यातली मागची खोली त्यांनी मला संध्याकाळपुरती दिली होती.

"इतकी लांब शिकली?"

"हो सर."

"अन् परत आली?"

"हो सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "बेटा, नापास झाली असशील तर सांग. घाबरू नको. आपल्याकडे रिपीटरची बॅच आहे."

घरमालकीणबाईंचा अंदाज वेगळा होता. त्यांनी पहिल्याच दिवशी चहा देता देता विचारलं, "लग्न मोडलं व्हय?"

*

पहिल्या तासाला मी 'थ'चा इंग्रजी उच्चार दाखवला. जीभ दातांच्या मध्ये, हवा सोडायची. किनवटच्या होस्टेलातून आलेला दिगंबर लगेच उठला.

"मॅडम, हे किती मार्काला?"

"मार्क नाहीत याला. हे बोलण्यासाठी आहे."

"म्हणजे शून्य मार्क?"

"शून्य."

वर्गात कुजबुज झाली. लातुरात शून्य मार्कांचं कुणी शिकवत नाही. म्हणजे मॅडम नक्की काहीतरी लपवून राहिल्या. म्हणजे पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा येणार आणि मॅडमना ते आधीच कळलंय! दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन क्लासची पोरंसुद्धा माझ्या खोलीत. खिडकीत बसलेली वेगळीच. मी घसा कोरडा करून सांगितलं की असं काही नाही. जितकं नाही म्हणावं, तितकी पोरं वाढत गेली!

महिन्याभरात अफवा विरली आणि मोजकी मंडळी उरली. त्यांत होती महानंदा. निलंगा तालुक्यातल्या एका गावची. घर भूकंपात गेलेलं, आई-वडील पत्र्याच्या शेडमध्ये. पुनर्वसनाचं काम करणाऱ्या एका संस्थेला दुभाषी हवी होती. परदेशी इंजिनिअरांबरोबर गावोगाव फिरायचं आणि इकडचं बोलणं तिकडं पोचवायचं. जागा फक्त भूकंपग्रस्त घरातल्यांसाठी. ती मिळाली तर महानंदाची डिग्री पुरी होणार. नाही मिळाली, तर उदगीरकडचं एक स्थळ तयारच होतं.

"मॅडम, पावसाळ्याच्या आत मला बोलता आलं पायजे," एवढंच ती म्हणाली होती.

*

आता पट्टीचा प्रकार. 'पेन' म्हणताना इंग्रज माणूस 'प'बरोबर हवेचा छोटा झोत सोडतो. हे कळावं म्हणून मी प्रत्येकाला ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावली. पट्टी हलली तर उच्चार बरोबर.

दिगंबर म्हणाला, "मॅडम, ही फॅननं हलतीय."

फॅन बंद केला.

"खिडकीतून वारं येऊन राहिलं."

खिडक्या लावल्या. एप्रिल महिना. सगळे घामाघूम, बंद खोलीत, नाकासमोर कागद धरून "पेन, पेन, पेन" करतायत, आणि दारात काझी सर!

त्यांनी एकेकाच्या पट्टीकडं बघितलं. मग दार हळूच ओढून घेत म्हणाले, "कुणाला लागिर झालंय, ते तेवढं सांगा. बाकीच्यांच्या घरी कळवू नका."

*

महानंदा खोलीवर आरसा घेऊन सराव करायची. ओठ गोल, ओठ चपटे, जीभ बाहेर, जीभ आत. शेजारणीनं गावाकडं निरोप धाडला: तुमची पोरगी आरशासमोर बसून वेडेवाकडे व्हट करती आन एकटीच बोलती.

तिसऱ्या दिवशी तिची आई एसटीनं थेट क्लासवर. पिशवी मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसली. तासभर पापणी हलवली नाही. नजर एका पोरावरून दुसऱ्या पोरावर. महानंदाचा चेहरा पांढरा पडला होता. आईनं आज हात धरून नेलं, तर सगळंच संपलं.

तास सुटला. आई उठली, पदर सावरला आणि मला म्हणाली, "राहू द्या पोरीला. हितं कुनी कुनाकडं बघंनाच की! समदे आपापल्या जिभेकडंच बघून राहिलेत."

*

मग मी बंगळुराहून आणलेला टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. आपला आवाज ऐकला की चुका कळतात, असं मी उत्साहानं सांगत होते. बटण दाबलं. कुणी तोंड उघडेना.

शेवटी महानंदा म्हणाली, "मॅडम, भूकंपानंतर लई लोक आले टेप घेऊन. घर केवढं होतं, किती माणसं होती, समदं विचारलं. आमच्या चुलत्यानं गडबडीत दोन खण सांगितलं. होते चार. मग भरपाईत दोनच धरले. टेपवर बोललेलं फिरवता येत न्हाई."

"पण इथं मी कुणाला देणार आहे ही टेप?"

"तेबी असंच म्हणले होते."

मी बटण बंद केलं. पोरांनी आपापसात सल्लामसलत केली आणि तोडगा काढला. बोलायचं, पण स्वतःच्या नावानं नाही!

ती कॅसेट अजून माझ्याकडं आहे. सुरुवातीलाच दिगंबरचा घोगरा, दणदणीत आवाज: "माय नेम इज महानंदा. आय लाइक कुकिंग."

*

काझी सर रोज माझ्या दाराबाहेर उभे राहायचे. मी त्यांची पोरं फोडून स्वतःचा क्लास काढणार, याची त्यांना खात्री होती. मला राग यायचा, पण खोली त्यांची.

एकदा दुपारी मी जिन्यातून वर येत होते. आत त्यांचा गणिताचा तास रंगात. आणि कानावर आलं 'थिअरम'. अगदी नीट, दातांमध्ये जीभ धरून! लगेच 'थर्टी-थ्री'. तेही सुरेख.

मी दारात थबकले. त्यांनी मला पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

"गैरसमज नको, मॅडम. मी फक्त पाळत ठेवत होतो. चुकून शिकलो!"

*

आणि आता महानंदाच्या मुलाखतीचा दिवस. ती संध्याकाळी परत आली ती थेट क्लासवर. सगळे थांबले होते. ती बाकावर बसली, पाणी प्यायली आणि जसंच्या तसं सांगितलं.

समोर मुंबईहून आलेले एक साहेब. इंग्रजीतून प्रश्न. हिनं एकेकाचं उत्तर दिलं, न अडखळता. साहेब खूश दिसले. मग थोडे कमी खूश. मग त्यांनी तिचा भूकंपग्रस्ताचा दाखला उचलून उजेडात धरला.

"तू नक्की कुठली?"

"निलंगा तालुका, सर."

"निलंग्याच्या मुली असं इंग्रजी बोलत नाहीत."

"आता बोलतात, सर."

"खरं सांग. पुण्याची ना? दाखला कुणाकडून काढलास?"

मग हिचा धीर सुटला, इंग्रजीही सुटलं. ती म्हणाली, "न्हाई हो साहेब, म्या हितलीच हाय. आमचं घर पडलं, आजा गेला माझा त्यात."

साहेब शेजारच्या माणसाकडं वळून म्हणाले, "बघा, आता गावठी बोलायचं नाटकही करतेय."

काझी सर आमच्या वर्गाच्या दारातच उभे होते. ते पुटपुटले, "तरी मी म्हणत होतो, इतकं चांगलं शिकवू नका."

"मग? नाही म्हणाले?" मी विचारलं.

"उद्या अकराला शेवटचं बोलावलंय. म्हणले, तुमच्या भागातलं दुसरं कुणी असं इंग्रजी बोलताना दाखव, मग मानतो. न्हाईतर जागा दुसऱ्याला."

मी पर्स उचलली. "मी येते उद्या. मी बोलते त्यांच्याशी."

"नको मॅडम!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुमी तोंड उघडलं की ते म्हणतील, ही बघा, हिची पुण्याची टोळीच आली."

मी पर्स खाली ठेवली.

आणि मी ठरवलं: उद्या वर्गाला कुलूप. सकाळी आख्खी बॅच एसटीनं मुलाखतीच्या जागी न्यायची. प्रत्येकानं साहेबांसमोर आपापल्या खऱ्या नावानं उभं राहून इंग्रजीतून स्वतःचं गाव सांगायचं. आणि मी बाहेर व्हरांड्यात बसायचं. इंग्रजीचा एक शब्दही न बोलता.