सी विंगखालची कंपनी

एका माणसाची नोकरी मी माझ्या सुवाच्य अक्षरात घालवली. व्यवस्थित परिच्छेद पाडून, खाली लफ्फेदार सही करून. तेव्हा मी बँकेत होते, कोपर स्टेशनजवळच्या दोन खोल्या सोडून नुकतीच ठाण्यात माजिवड्याच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये आले होते, आणि अक्कल सोडून माझ्याकडे सगळं होतं.

कॉम्प्लेक्सच्या जागी पूर्वी कंपनी होती. ती बंद पडली, शेड पाडल्या, इमारती आल्या आणि कंपनीत लेथ मशीन चालवणाऱ्या एका टर्नरला बिल्डरने गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं. असा तिरसट माणूस तुमच्याही गेटवर असेल. याच्या लेखी आमच्या इमारती उभ्याच राहिल्या नव्हत्या. गॅसवाल्याने बी विंग विचारली की हा कंपनीतलं जुनं खातं सांगायचा, "पेंट शॉप. तिसरा मजला."

दहाच्या चहाला तो बागेतल्या घसरगुंडीपाशी ग्लास घेऊन उभा राहायचा. मुलं आली की म्हणायचा, "बाजूला व्हा रे. माझं मशीन आहे इथं." मुलं खरंच बाजूला व्हायची.

मी एकदा सुनावलं, "अहो, कंपनी संपली आता."

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. मान वर केली नाही.

वास्तुशांतीला डोंबिवलीहून नणंद आली. पेढा हातात घेऊन, भरल्या घरात म्हणाली, "वहिनी, घर छान आहे हो. आणि पत्ताही सोपा. तुमचा वॉचमन म्हणाला, सी विंग ना, कामगारांचे संडास होते तिथं. दुसरा मजला."

भटजीसुद्धा हसले. नवरा म्हणाला, "अगं, होते तर होते."

दुसऱ्या दिवशी बँकेच्याच कागदावर मी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज लिहिला. उद्धट आहे, सभासदांचा अपमान करतो, मुलांना हुसकावतो. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून 'आपला वॉचमन' एवढंच घातलं.

नातवंडांना मी इथपर्यंतच सांगते. ती संडासावर पोट धरून हसतात.

मला वाटलं होतं, सेक्रेटरी त्याला चार शब्द सुनावतील. पण त्यांना कधीपासून एजन्सीचे टोपीवाले, सॅल्यूट ठोकणारे गार्ड हवे होते. नुसतं निमित्त मिळत नव्हतं. मीटिंगमध्ये माझा अर्ज मोठ्याने वाचला गेला. भाषेचं कौतुक झालं. त्याला काढून एजन्सी लावायला कोणाचा विरोध आहे का, असंही विचारलं. मी पदराची निरी पुन्हा पुन्हा नीट करत बसले.

पहिल्या तारखेला बँकेत निघाले तर तो गेटवरच होता. खांद्याला पिशवी, तिच्यात डबा आणि कंपनीचा निळा शर्ट. सवयीने त्याने माझ्यासाठी गेट उघडलं. मी म्हटलं, "मला एवढं नको होतं हो."

तो म्हणाला, "कंपनीनं काढलं तेव्हा आम्ही सगळे याच गेटवर धरणं धरून बसलो होतो, बाई. वर्षभर. या वेळी मी एकटा आहे. कुठं बसू ते सांगा, म्हणजे तुमच्या जाण्यायेण्यात नको."