अप्पांची अडकलेली लेन्स

उदगीरला गफूरभाईंच्या घड्याळाच्या दुकानासमोर आम्ही तिघं म्हातारे रोज बसतो, गफूरभाई, बसवंतअप्पा आणि मी. रोज बसलं की किस्से साचतात, दुकानातल्या धुळीसारखे. कुणी आणून टाकत नाही, तरी होतात. सगळे सांगत नाही. यंदाचे, बसवंतअप्पांच्या लेन्सचे, तेवढे सांगतो. अप्पांचा फोटो स्टुडिओ होता. मी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत जन्मभर फोटो धुतले.

*

लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना समोरचा बोर्ड वाचायला सांगितला. अप्पा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचा बोर्ड आऊट ऑफ फोकस हाय!"

"बोर्ड ठीक आहे, आजोबा."

"मग लाईट कमी हाय."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. औषधाचे थेंब टाकायचे, पण गेलेलं परत येणार नाही.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय म्हणाला रे लक्ष्मण?"

"लाईट कमी हाय म्हणाला."

एसटीत अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. उदगीर जवळ आलं तेव्हा बोलले, "एक फोटो राहिलाय माझा. दिसतंय तोवर काढायला पाहिजे."

*

तो फोटो पार्वतीवैनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. सगळं गाव अप्पांच्या कॅमेऱ्यासमोर बसून गेलं, पण वैनी एकटीनं कधी बसल्या नाहीत. त्याला कारण होतं. आमच्याकडं एकट्या माणसाचा फोटो मोठा करून नेणाऱ्याच्या घरात बहुतेक मयत झालेलं असायचं. फ्रेम आम्हीच करून द्यायचो, वर चंदनाचा हारही आम्हीच अडकवायचो. वैनींनी ते सगळं बघितलेलं.

"एकटीचा फोटो हारालाच लागतोय. मला न्हाई काढायचा!"

यंदा अप्पांनी त्यांना डोळ्याचं सांगितलं. वैनी भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या. भाकरी पार पातळ झाली, फाटली. मग म्हणाल्या, "काढा. पण हार घरात आणू नका."

*

कपाटातून अप्पांचा जुना रशियन कॅमेरा काढला. बटण चालत होतं. लेन्सची फोकसची रिंग मात्र जागची हलेना. आतलं ग्रीस वाळून गोंद झालेलं.

अप्पांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, मोबाईलवर काढा ना!"

अप्पा म्हणाले, "मोबाईलवर फोटो मोबाईलच काढतोय. मला माझ्या हातानं काढायचाय."

पोरगा चांगला. बापाची समजूत घालायचं सोडून त्यानं गपचूप रोल मागवून पाठवला.

*

नांदेडला पूर्वी एक कॅमेरे दुरुस्त करणारे होते. कॅमेरा रुमालात बांधून मी आणि अप्पा गेलो. दुकान सापडलं, पण आत भिंतभर मोबाईलची कव्हरं. मालक मरून गेलेले, हत्यारं भंगारात गेलेली. त्यांच्या मुलानं कॅमेरा उलटापालटा करून बघितला. त्याला आमची दया आली असावी.

"काका, याच्यावर टेम्पर्ड ग्लास बसत न्हाई. न्हाईतर फुकट बसवून दिली असती!"

अप्पांनी त्याचे आभार मानले. रस्त्यावर येऊन म्हणाले, "आता आपणच करायचं."

*

गफूरभाई म्हणाले, "अप्पा, गरमी देओ. गरमीसे ग्रीस पिघलता."

शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं मशीन आणलं. ओल्या केसांचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच वाट बघत बसलं. लेन्स चांगली तापल्यावर अप्पांनी कॅमेरा पोटाशी धरला, लेन्सवर फडकं गुंडाळलं आणि दात आवळून पिळली.

"फिरली! लक्ष्मण, फिरली रे!"

सलूनवाला पळत आला. ओल्या केसांचं गिऱ्हाईकही आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी फडकं काढलं. रिंग होती तिथंच होती. सबंध लेन्सच कॅमेऱ्यातून सुटून हातात आली होती.

*

मग गफूरभाईंनी बारीक पेचकस घेतले आणि लेन्स उघडली. ग्रीस रॉकेलनं धुतलं, रिंग ज्यांच्यावर फिरते ते पेचासारखे आटे दाढीच्या ब्रशनं घासले. काम इतकं चांगलं चाललं होतं की अप्पांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा पिता पिता गफूरभाई मला म्हणाले, "कौनसे आटे में बैठती थी, खूण किया ना तुम?"

मी म्हणालो, "मला वाटलं तुम्ही केली."

आम्ही दोघांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "मला कुठं दिसतंय?"

आट्यांची तोंडं अनेक. रिंग त्यातल्या एकातच बसवली तर फोकस बरोबर. गफूरभाई बसवत राहिले, काढत राहिले. शेवटी रिंग अशी अडकली की पुढंही जाईना, मागंही येईना. मी कॅमेऱ्यातून बघितलं. दोन हात अंतरावरचं तेवढं साफ, बाकी सगळं धुकं.

गफूरभाईंनी डोळ्याला लावलेलं भिंग बराच वेळ काढलं नाही. मग भिंगाखालून पाणी आलं.

*

अप्पा म्हणाले, "लेन्स हलत न्हाई ना? मग माणूस हलवू!"

त्यांच्या अंगणात सकाळच्या उन्हात मी कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर बसवला, रोल भरला. दोन हात मोजून खडूची रेघ मारली. वैनी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, कपाळाला विभूती लावून. रेघेवर स्टूल ठेवून बसल्या. अप्पांनी डोळा लावला.

"पुढं ये."

"अप्पा, रेघ इथं हाय," मी म्हणालो.

"रेघ राहू दे. बघायलाव ना मी!"

वैनींनी स्टूल पुढं ओढलं. "आता?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडं."

वैनींचे गुडघे स्टँडला लागले. गफूरभाई खाली मान घालून उभे होते. इतक्या जवळून फोटोत नुसतं धुकं येणार, हे मी बोलणार, तेवढ्यात वैनींनी मागं हात करून मला थांबवलं. त्या स्टूलावरून उठल्या, वाकल्या. विभूतीचं कपाळ लेन्सच्या काचेला टेकायचंच राहिलं.

"हां! आता कशी साफ दिसायलीस!"

"हसू का?" वैनींनी विचारलं.

"हस की. पण हलू नकोस."

वैनी हसल्या. अप्पांनी बटण दाबलं.