वाचून केलेली सही

प्रमाणपत्रावरचा शिक्का बिराजदार मॅडम सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पत्ता. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्याचा तो पत्ता त्या संगणकावरच्या नकाशात शोधायच्या आणि वरून दिसणाऱ्या छपराकडे बराच वेळ बघत बसायच्या. "हे गोडाऊन दिसतंय बघ," त्या मला म्हणायच्या. "खिडकी नाही, अंगण नाही. पाचशे माणसं जेवायला कुठं बसत असतील?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ते प्रमाणपत्र फाइलला लागत नसे.

आमची कंपनी सोलापूरजवळ चिंचोळीच्या एमआयडीसीत शाळांचे गणवेश शिवते. त्यातले बरेचसे परदेशी शाळांना जातात. त्या शाळांची अट अशी की कापड जिथून घ्याल तिथल्या कामगारांवर जबरदस्ती होत नाही, पगार वेळेवर मिळतो, त्यांचे पासपोर्ट त्यांच्याच ताब्यात असतात, असं सांगणारं एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं. ते तपासून खरेदीला मंजुरी देणं हे मॅडमचं काम. मी बी.कॉम. होऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मला वाटलं होतं, मुदत संपली नाही ना एवढं बघायचं आणि फाइल बंद करायची. पहिल्याच आठवड्यात मी तशा चार फाइली बंद केल्या. मॅडमनी चारही उघडल्या. एकीत कामगार होते ऐंशी आणि महिन्याचं कापड इतकं, की ऐंशी जण दिवसरात्र राबले तरी झालं नसतं. "उरलेलं कोण विणतंय?" त्यांनी विचारलं. "त्या माणसांची पाहणी कुणी केली?" कंपनीने ते कापड घेतलं नाही.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे वडील इथल्याच एका गिरणीत हजेरी लिहायचे. पाहणीला साहेब येणार असला की वडील घरी बसून दुसरं रजिस्टर तयार करत, आणि आकडे सांगायला मॅडम समोर बसत. अक्षर सुंदर होतं वडिलांचं, त्या म्हणायच्या. "खोटं रजिस्टर खऱ्यापेक्षा जास्त स्वच्छ असतं, एवढं मी दहाव्या वर्षी शिकले." घरी कन्नड, शाळेत मराठी आणि शेजारी सगळे तेलुगू बोलणारे विणकर, म्हणून तेलुगूही त्यांना आईच्या भाषेसारखी यायची. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी माडीवर राहायच्या. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायच्या आणि मी नको म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायच्या.

मालकांना, म्हणजे अप्पांना, त्यांचा त्रास व्हायचा. पण मंजुरीवर सही मॅडमचीच लागते हे परदेशी गिऱ्हाइकांना ठाऊक झालं होतं, त्यामुळे अप्पा चडफडत आणि थांबत.

त्या वर्षी एका नव्या परदेशी कारखान्याचं कापड अप्पांना फार आवडलं. प्रमाणपत्र होतं, पाहणीचा अहवाल होता, पत्ता बरोबर होता. तरीही मॅडमनी व्हिडिओ कॉल मागितला. मीच तो ठरवला. तिकडच्या व्यवस्थापकाने फोन हातात धरून सगळा कारखाना फिरवून दाखवला. माग, आग विझवायची नळकांडी, पिण्याचं पाणी, भिंतीवरचे नियम. सगळं नीट. कामगार बाहेरच्या देशांतून आणलेले आहेत आणि सुखी आहेत, असं तो इंग्रजीत सांगत होता. मग त्याने एका मागाजवळच्या लोकांना सांगितलं की ह्या मॅडम भारतातून, सोलापूरहून बोलतायत.

त्यातला एक माणूस पुढे आला. तिशीतला, दाढी वाढलेली. तो मराठीत म्हणाला, "मॅडम, मी बी सोलापूरचाच. विडी घरकुलात घर हाय."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा आनंद मला बाजूने दिसला. त्यांनी त्याला तेलुगूत नाव विचारलं. तो श्रीनिवास. इथले यंत्रमाग बंद पडत गेले तसा तिकडे गेलेला. घरच्यांबद्दल दोन वाक्यं झाली आणि मग त्याच सुरात, जणू चहापाण्याचं विचारावं तसं, मॅडमनी त्याला विचारलं की पासपोर्ट कुठे असतो. तोही तसंच हसत बोलला. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. खोलीत दहा जण. सुट्टी मागितली की खोलीला बाहेरून कडी. अहवालात पासपोर्ट कामगारांकडे आहेत असं लिहिलंय, त्यावर आमच्या सह्या घेतल्यात, पण वाचायला दिलं नाही. व्यवस्थापकाला तेलुगू कळत नव्हतं, मला थोडंफार कळायचं. तो दोघांकडे बघून हसत उभा होता.

कॉल संपल्यावर मॅडमनी डोळे मिटले आणि मला सांगितलं की खरेदी नाही, तसं पत्र लिही आणि कारण स्पष्ट दे. मी लिहिलं. चांगलं पत्र लिहायच्या नादात त्यात एक वाक्य घातलं: आपल्याच एका कामगाराने आम्हांला सांगितल्यानुसार पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात आहेत. मॅडमनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि सही केली. मी ते पाठवलं. त्या कॉलमध्ये एकच कामगार आमच्याशी बोलला होता.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाही मॅडमनी तक्रार केली. तीन आठवड्यांनी संस्थेचं उत्तर आलं की पुन्हा पाहणी केली, दोष आढळला नाही. मॅडमनी श्रीनिवासशी परत बोलायचं आहे असं कारखान्याला कळवलं. एका ओळीचं उत्तर आलं. तो कामगार राजीनामा देऊन मायदेशी गेला आहे.

त्याच दुपारी त्या मला घेऊन विडी घरकुलात, विडी कामगारांच्या त्या वसाहतीत गेल्या. विचारत विचारत घर सापडलं. श्रीनिवासची बायको उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मॅडमनी तेलुगूत विचारलं, श्रीनिवास आलाय का? तिचे हात थांबले. तो येणार आहे हे तिला आमच्याकडूनच कळत होतं. त्याचा फोन तीन आठवडे बंद होता, एवढंच तिला माहीत होतं.

रिक्षात मी रडले. त्या पत्रातलं वाक्य माझं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनाही ते ठाऊक होतंच.

"सही कुणाची आहे?" त्या म्हणाल्या.

"तुमची. पण तुम्ही मला..."

"मी वाचून सही केली, वैशाली. न वाचता केली असती तर तुझी चूक म्हटलं असतं."

यानंतर त्यांनी कधीच, अप्पांपुढे, श्रीनिवासच्या बायकोपुढे किंवा आणखी कुणापुढे, माझं नाव घेतलं नाही. मी विचारलं, मी लिहिलं, मी सही केली, असंच त्या सांगत. मीही ते दुरुस्त केलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.

कारखान्याने श्रीनिवासवर पळून गेल्याची तक्रार नोंदवली होती. त्या देशात तो गुन्हा असतो. त्याला कोठडीत टाकलं होतं हे कळायलाच चार महिने गेले. वकिलातीला पत्रं, परदेशी गेलेल्या कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेला फोन, श्रीनिवासच्या बायकोचे अंगठे आणि फोटो, हे सगळं मॅडम ऑफिस सुटल्यावर करत. सात महिन्यांनी तो आला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर बसला होता. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतका ढगळ. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती.

मॅडम खाली बसल्या. वर बसा म्हणून त्याच्या बायकोने दोनदा सांगितलं तरी उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माझ्यामुळे झालं.

त्याने दुसऱ्या हाताने ती दोन बोटं चोळली. मग म्हणाला, "व्हय मॅडम. तुमी विचारलं नसतं तर मी तितंच असतो. हाल होते, पर घरी फोन तरी करत होतो."

त्यांनी मान हलवली. स्वतःची बाजू मांडली नाही, माफीही मागितली नाही. बायकोने आणलेला चहा कपात तसाच राहिला. थोड्या वेळाने तोच पुन्हा बोलला. "खोलीत माझ्याबरोबर नऊजण होते. मला नेल्यावर त्यांची खोली बदलली म्हणं. त्यांचं काय झालं ते बघा की."

मॅडमनी पर्समधून वही काढली आणि तो सांगेल तशी नऊ नावं लिहून घेतली. दोघं सोलापूरचे, चौघं तेलंगणातले, एक अक्कलकोटकडचा, दोघं कुठले ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

पुढची अडीच वर्षं त्यांनी तेच केलं. सुट्टीच्या दिवशी एसटीने गावं गाठायची, घर शोधायचं, अर्जावर घरच्यांची सही घ्यायची. कुठे लोक पाणी देत, कुठे दार लावून घेत. एका घरात सासऱ्याने त्यांना हाकलून दिलं, कारण मुलगा तिकडे मजेत आहे असं एजंट सांगून गेला होता. मी बऱ्याचदा सोबत असायचे. ऑफिसात मात्र त्यांची पद्धत बदलली. तपासणी पूर्वीसारखीच कडक, पण व्हिडिओवर कामगाराला त्या पुन्हा एकही प्रश्न विचारत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कॉल संपला की आपण घरी जातो. तो तिथंच उरतो." त्याऐवजी त्या आधीच काम सोडून घरी परतलेल्या माणसांना शोधून त्यांच्याशी बोलत. त्यात महिने जात. अप्पांनी शेवटी खरेदीच्या मंजुरीचं काम दुसऱ्या माणसाकडे दिलं. तो मुदत बघतो आणि फाइल बंद करतो.

नऊपैकी सहा जण परत आले. सहावा आला तेव्हा मॅडमची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसायचे. हाताला सुया, ओठ कोरडे. धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "मॅडम, तुमच्यामुळे सहा माणसं घरी आली."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"सहा सांगू नको मला. तीन सांग."

मी नावं सांगितली. लक्ष्मण, यादगिरी आणि मलकप्पा. त्यांनी डोळे मिटून ती एकदा म्हटली आणि मग मला परत सांगायला लावली, मला पाठ आहेत की नाही हे बघायला.

चार दिवसांनी त्या गेल्या. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. श्रीनिवास आला होता. वळत नसलेल्या बोटांनी त्याने माती टाकली आणि कुणाशी न बोलता गेला.

त्या कारखान्याच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं आहे. लक्ष्मणच्या आईला मी दोन महिन्यांनी एकदा भेटते. काही कळलं का, असं ती विचारते. अजून नाही, असं मी सांगते आणि नवीन अर्जावर तिचा अंगठा घेते.