खिडकी लहान होईना

भिण्यात माझा हात धरील असा माणूस परभणी जिल्ह्यात तेव्हा नव्हता, आजही नसावा. पण एका खिडकीला भिऊन मी जेवढा वाळलो, तेवढी ऐन मे महिन्यात गंगाखेडची गोदावरीही वाळत नाही. शर्टात मी आहे की नाही हे बघायला लोक कॉलर उचलून आत डोकावायचे. खिडकी भिंतीतली नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची होती, आणि मीच केलेली होती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. परभणीत आमच्या मालकांनी आपल्या बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. चपला जिन्यात काढून, पाय पुसून आत यायचं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा, तरी मानवतहून पोरं यायची. मी शिकवायला होतो. नोकरी लागावी म्हणून मालकांना सांगितलं होतं, की पुण्यात मी ज्या कॉम्प्युटरवर काम केलं तो एवढा अजस्र होता, की दुपारचा डबा आम्ही त्याच्या पोटात बसून खायचो. मालकांना पटलं, तिथंच माझा घात झाला. म्हणाले, एवढे हुशार आहात तर प्रोग्रॅम लिहायचं साधन विकत कशाला आणायचं, तुम्हीच बनवा.

बनवलं. आयुष्यात थापेला जागलो तो तेवढाच. वरच्या खिडकीत प्रोग्रॅम लिहायचा, खालच्या खिडकीत त्यातल्या चुका दिसायच्या. एफ-फाइव्ह दाबलं की वरची खिडकी पडदाभर मोठी व्हायची, एफ-सिक्स दाबलं की पुन्हा होती तेवढी. हे चालायचं एकाच मशीनवर, बाकीच्यांच्या पोटात तेवढी जागा नव्हती. औरंगाबादहून तपासणीचे साहेब येऊन बघणार होते. पसंत पडलं तर क्लासला मान्यता, नाही तर क्लासला कुलूप आणि मी पाथरीला, थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीवर. भावानं निरोपच धाडला होता, की माणूस लागायलाय, कधी येतोस. त्या गिरणीत आमचे एक चुलते तरणेबांड आत गेले ते भुवयांसकट पांढरे होऊन बाहेर आले, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

आणि दसरा झाल्यावर खिडकी बिघडली. मोठी व्हायची ती लहानच होईना. चुकांची खिडकी तिच्याखाली गाडली गेली. एका पोराला वाटलं आपल्या चुका संपल्या, ते पेढे घेऊन आलं. मी पेढा खाल्ला आणि पुन्हा मशीनपुढं बसलो.

लहान करायचा भाग मी सात वेळा पुसून सात वेळा लिहिला. मालकांनी मशीनला लिंबू-मिरची बांधली. तपासणीच्या आदल्या दिवशी ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. हे तुमीच लिवलंय न्हवं?"

लिहिलं मीच होतं, पण पुण्याचा डबा आठवला आणि मी मशीनवरची लिंबू-मिरची सरळ करत बसलो.

साहेब अकराला येणार होते. सकाळी नऊला शेजारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या बाई शिकायला आल्या. सारी हयात टाइपरायटरच्या खडखडाटात गेलेली. कोण कुठलं अक्षर चुकलं ते त्या पाठमोऱ्या बसून सांगायच्या. मी एफ-फाइव्ह दाबत होतो. त्या दारातूनच म्हणाल्या, "सर, तुमचं बटन दोनदा वाजतंय."

त्यांनी केसातला आकडा काढला आणि बटन उचकटलं. खाली चिकट लगदा, कुंकू कालवलेला. वास घेतला तर खोबऱ्याचा. दसऱ्याला मालकांनी मशीनची पूजा केली, नारळ टेबलाच्याच कडेवर फोडला आणि तीर्थ मशीनला पाजलं. तेव्हापासून बटन एकदा दाबलं तरी अडखळून दोनदा लागत होतं.

मग माझी ट्यूब पेटली. खिडकी मोठी करण्याआधी तिचं जुनं माप टिपून ठेवायचं, असं मी लिहिलं होतं. पहिल्या दाबाला लहान माप टिपलं जायचं. दुसऱ्या दाबाला खिडकी आधीच पडदाभर, तर तेच माप जुनं म्हणून त्याच्यावर टिपलं जायचं. मग लहान होऊन ती जाणार कुठं?

मी म्हणालो, सुटलो, बटन पुसा आणि लावून टाका.

"पुसते," बाई म्हणाल्या. "पण साहेबांनीच दोनदा दाबलं तर? माझ्याकडं येणारा प्रत्येक नवा माणूस दोनदा दाबतो."

साहेब यायला तास राहिलेला असताना चालत्या प्रोग्रॅमला हात लावणं म्हणजे झोपलेल्या नागाची नखं काढणं. नागाला नखं नसतात हेही मला त्या घटकेला आठवेना. एकच ओळ घातली: खिडकी आधीच मोठी असेल तर माप टिपू नको. प्रोग्रॅम नव्यानं तयार करायला मशीनला दिला आणि डोक्यावरचा पंखा मंद झाला. दिवा पिवळा पडला. वीज गेली असती तर जुनंही गेलं असतं आणि नवंही. मी तेहतीस कोटी संपवून भावाच्या गिरणीवरच्या मारुतीपर्यंत पोचलो, तेव्हा कुठं पंखा पुन्हा फिरला.

साहेब आले. बंद घराची कडी वाजवावी तसं त्यांनी एफ-फाइव्ह दाबलं. तीनदा. खिडकी पडदाभर झाली. साहेबांनी एफ-सिक्स दाबलं.

खिडकी गुमान खाली आली, होती तेवढी झाली, आणि तिच्याखाली माझीच एक चूक दिसली. साहेब म्हणाले, "चुका बरोबर दाखवतंय." मान्यतेचा शेरा त्यांनी तिथंच लिहिला. कुणी बनवलं विचारलं तेव्हा मी छाती काढली, पण बाई आकड्यावरचं कुंकू पुसत माझ्याकडं बघत होत्या. म्हणालो, बनवलं मी, चूक धरली बाईंनी.

तेवढ्यात मालक आनंदानं आत आले. हातात नारळ. टेबलाची कडा बघून त्यांनी हात उचलला. मी आडवा झालो, छातीखाली सगळी बटनं झाकली. "मालक, उंबऱ्यावर फोडा."

मालकांना असं कुणी सांगितलेलं नव्हतं. साहेबांसमोर तर नाहीच. त्यांचा नारळ वरच राहिला, आणि त्या तेवढ्या वेळात मला पाथरीच्या गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू आला. मग ते वळले. बाहेर उंबऱ्यावर नारळ फुटल्याचा आवाज येईपर्यंत मी तसाच पालथा होतो.