कमानीचा झेंडू
आज सकाळी कोणीतरी ओट्यावर झेंडूची पाटी ठेवून गेलं आणि त्या उग्र वासानं मला ती कमान आठवली. साहेबांच्या स्वागतासाठी वेशीपाशी बांबू आणि कापडाचा किल्लाच उभा केला होता. कापडावर दगड रंगवले होते आणि वर साहेब मुकुट घालून रथात बसलेले. त्या कमानीच्या माळा माझ्या सासूबाईंनी दिवसभर बसून ओवल्या. "राजाचं दार हाय, गाठ पक्की मार," असं मला सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. तिरडी वेशीपाशी आली, तर कमानवाल्यांनी बांबू आडवा धरला. "सायबाच्या आधी मढं न्हाई जायचं हितून, आपशकुन हुतो. दुपारपातुर थांबा." मालक म्हणाले, "आरं, ह्या माळा आईनंच ववल्यात." "व्हय दादा, पन पयले सायेब." शेवटी तिरडी ओढ्यातून, गुडघाभर चिखलातून नेली. खांदेकरी घसरले तेव्हा सासूबाईंचा हात बाहेर आला. बोटं अजून झेंडूनं पिवळी होती. मी तोंडात पदर धरून बघत राहिले. साहेब आलेच नाहीत, दुसऱ्या रस्त्यानं परस्पर शेवगावला गेले. संध्याकाळी त्या कमानीखालून पहिल्या गेल्या त्या चरून आलेल्या म्हशी. आता नवे साहेब येणार आहेत म्हणे. मघाशी शेजारीण दारातून विचारत होती, "काकी, झाल्या का माळा?" मी म्हटलं, सुईच सापडत नाही. सुई माझ्या पदराला टोचलेली होती.